वस्तादांच्या खुर्चीवरची फळी

मी बोलतेय. आरशात शोधू नका, तिथून मी दिसत नाही. मागे वळा. त्या नव्या खुर्चीच्या पाठीमागे, भिंत आणि टॉवेलांची बादली यांच्या मधल्या जागेत हिरव्या रेक्झिनची एक फळी उभी करून ठेवलीय ना, ती मी. तुमच्या आधी अजून दोन गिऱ्हाइकं आहेत, पेपर तुमचा वाचून झालाय, आणि भिंतीवरच्या फोटोंतल्या त्या देखण्या पोरांसारखं आता आपल्या डोक्यावर काही व्हायचं नाही, हेही तुमच्या लक्षात आलंय. तेव्हा माझं ऐका. तुमच्याकडे माझं थोडं काम आहे, ते शेवटी सांगते.

काही लोक मला 'ते लाकूड' म्हणतात. "ते लाकूड जरा बाजूला घे रे," असं म्हणतात. लाकूड चुलीतही असतं. मी फळी आहे, आणि माझ्यावर या गल्लीतली निम्मी माणसं बसून गेलीत. आता ती पोटं सुटलेली, टक्कल पडलेली आहेत आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, हा भाग वेगळा.

माझा जन्म जेवणाच्या टेबलातून झाला. शेजारच्या सुताराकडे कुणीतरी आपलं मोठं टेबल लहान करायला दिलं होतं. घरातली माणसं कमी झाली असावीत. कापून उरलेला तुकडा म्हणजे मी. सुतार मला भंगारात टाकणार, एवढ्यात वस्ताद त्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. तेव्हा ते तरुण होते, मिशी काळीभोर होती, आणि हे केस कापायचं दुकान त्यांनी नुकतंच थाटलं होतं. कडेवर त्यांचा लहान मुलगा होता. "याला खुर्चीत बसवला की हा दिसेनासाच होतो," ते म्हणाले. "केस कुणाचे कापू, खुर्चीचे?"

सुतार हसला. दुकानात येऊन त्याने खुर्चीचे दोन हात मोजले आणि माझ्या पोटाला दोन पट्ट्या ठोकल्या, म्हणजे त्या हातांवर आडवी ठेवली की मी घसरणार नाही. पोरांच्या मांड्यांना टोचू नये म्हणून माझ्या कडा त्याने पॉलिश पेपरने घासघासून गोल केल्या. वर रेक्झिन चढलं. आधी लाल होतं, मग तपकिरी आलं, आता हे हिरवं आहे. हिरवा रंग मला शोभत नाही, पण मला विचारतं कोण?

आता वस्तादांची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लहान मुलाला खुर्चीत दाबून धरायचं आणि ते रडत असतानाच डोकं उरकून टाकायचं, ही झाली सगळ्यांची रीत. वस्तादांना ती मान्य नव्हती. ते मुलाला माझ्यावर बसवायचे आणि त्याचे दोन्ही हात माझ्या कडांवर ठेवायला लावायचे. "ही घट्ट धर, ही तुझी गाडी." मग कानाजवळ हवेतच कात्री वाजवायचे. क्लिक क्लिक, क्लिक क्लिक. एकही केस कापायचे नाहीत. या कानाशी झालं की त्या कानाशी. कात्रीची ओळख व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मग आरशातून मुलाकडे बघून विचारायचे, "काय साहेब, करायचं?" मुलाने 'सुरू' म्हटल्याशिवाय कात्री केसाला लागायची नाही. आणि मध्येच मुलगा 'बास' म्हणाला, तर तिथल्या तिथे थांबायची.

तिथल्या तिथे म्हणजे अगदी तिथल्या तिथे. त्यांच्या स्वतःच्या मुलाने एकदा निम्मं डोकं झाल्यावर 'बास' म्हटलं आणि उडी मारून पळाला. आई ओरडली, शेजारी हसले, सुतार म्हणाला की अरे धरून आण त्याला. वस्ताद म्हणाले, "शब्द दिलाय, राहू दे." एका बाजूला झुलपं आणि एका बाजूला शेतातली कापणी झाल्यासारखं डोकं घेऊन पोरगं गल्लीभर फिरलं. शेवटी शाळेतली पोरं चिडवायला लागली तेव्हा आपणहून आलं, माझ्यावर चढून बसलं आणि पडक्या आवाजात म्हणालं, "सुरू."

हा मुलगा पुढे कारखान्यात लागला. कात्री त्याला कधीच आवडली नाही, त्यात नवल ते काय. पण त्याचा मुलगा, म्हणजे वस्तादांचा नातू, शाळा सुटली की दुकानातच असायचा. आधी केर काढायला शिकला, मग साबणाचा फेस करायला, मग कात्री धरायला. आज तुमच्यासमोर जो पांढरा अंगरखा घालून कुणाची तरी दाढी करतोय, तोच तो. हात चांगला आहे त्याचा. घाई मात्र फार.

माणसांचं एक मला नेहमी गमतीचं वाटतं. खुर्चीत बसलेला माणूस राजकारण बोलतो, सासूबद्दल बोलतो, कुणाचं काय दुखतं ते सांगतो, पण गळ्याशी वस्तरा आला की एकदम गप्प होतो आणि डोळे तेवढे वस्तऱ्याच्या हाताकडे लावतो. म्हणूनच वस्तादांचा हात थरथर कापायला लागला, तेव्हा ते घरच्यांच्या आधी गिऱ्हाइकांना कळलं. कुणी तोंडावर बोललं नाही. "मी थांबतो, नातवाला होऊ दे मोकळा," असं म्हणून माणसं बाकावर बसून राहायची आणि वस्तादांची खुर्ची रिकामी असायची. ते समजायचं ते समजले. आधी वस्तरा सोडला. मग मोठ्या माणसांचे केस सोडले. लहान मुलं तेवढी ठेवली, आणि पुढे पुढे मुलांच्या आयाही नातवाकडेच वळायला लागल्या. शेवटी त्यांच्याकडे एकच गिऱ्हाईक उरलं. झिपरी.

झिपरी म्हणजे नातवाची मुलगी, वस्तादांची पणती. नाव शाळेत दुसरं आहे, पण केस सतत डोळ्यांवर, म्हणून पणजोबांनी झिपरी म्हटलं आणि तेच चिकटलं. तिच्या धाकट्या भावाला ढब्बू म्हणतात, तो तेव्हा नुसता रांगायचा आणि पणजोबांच्या मांडीवर चढून मिशी ओढायचा. वस्ताद ओढू द्यायचे. डोळ्यांत पाणी यायचं, पण "ओढ, पक्की आहे," म्हणायचे.

झिपरीला दुसऱ्या कुणाकडून केस कापून घ्यायचेच नसत. बापाने किती वेळा म्हटलं, चल, पटकन करून टाकतो. ती म्हणायची, "तुम्ही विचारत नाही." खरं होतं. बाप मशीन लावायचा आणि डोकं हातात धरून गरगर फिरवायचा. पणजोबा मात्र कानाशी कात्री वाजवून, तिच्या परवानगीची वाट बघायचे. ती मुद्दाम वेळ लावायची. छताकडे बघायची, माझ्या कडेवर बोटं वाजवायची, हसू दाबायची. वस्ताद हातात कात्री धरून उभेच. मग राणीसारखी मान वर करून म्हणायची, "सुरू." त्या दोघांची ही गंमत मला इतक्या जवळून बघायला मिळाली, याचं मला आजही बरं वाटतं.

आता त्या दिवसाचं सांगते. सांगायला नको वाटतं, पण सांगायलाच हवं.

शाळा सुटल्यावरची वेळ होती. नातू एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. झिपरी माझ्यावर बसली होती, 'सुरू' झालं होतं, एक बाजू कापून झाली होती. वस्तादांनी दुसऱ्या बाजूला कान अंगठ्याने दुमडून धरला आणि कात्री पुढे नेली. हात कापत होता, पण रोजच कापायचा. कापऱ्या हातानेही ते बरोबर कापायचे, कारण ते कोपर माझ्यावर टेकवायचे आणि मी हलत नसे. झिपरीला मात्र त्या दिवशी तो हात आरशात दिसला. पहिल्यांदाच दिसला असावा. "पणजोबा, तुम्हाला थंडी वाजतेय?" असं म्हणत तिने माझ्या कडा सोडल्या आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरायला ती गर्रकन वळली.

कात्रीचं टोक कानाला लागलं. जखम एवढीशीच, पण कानाचं रक्त थांबता थांबत नाही. एक थेंब माझ्यावर पडला आणि रेक्झिनच्या शिवणीत गेला. नीट बघाल तर अजून दिसेल.

झिपरी रडली नाही. ओरडला तो तिचा बाप. गिऱ्हाईक अर्ध्या फेसासकट सोडून तो धावत आला. "आजोबा, किती वेळा सांगितलं तुम्हाला. आता पुरे. उद्या तिच्या डोळ्यात जाईल. ठेवा ती कात्री."

फेसातलं गिऱ्हाईक छताकडे बघत राहिलं. पोर वळली, एवढं एक वाक्य वस्तादांना म्हणता आलं असतं. मी वाट बघत होते. त्यांनी फक्त विचारलं, "झिपरे, दुखतंय का गं?" तिने नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी कात्री पुसली, मिटली आणि खणात ठेवली. झिपरी त्या खणाकडे बघत होती. तिने तोंड उघडलं होतं, काहीतरी सांगायचं होतं तिला, पण बापाने तिला उचललं आणि कानाला कापूस धरून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं, नातू जेवायला गेला होता. वस्ताद ओलं फडकं घेऊन मला पुसायला बसले. डाग निघत नव्हता. पुसता पुसता ते बोलायला लागले. म्हातारी माणसं वस्तूंशी बोलतात, तुम्ही पाहिलं असेल. ते म्हणाले, "पोर हलली नाही. पोर मला धरायला आली. जन्मभर लोकांची डोकी धरली मी, माझा हात कुणी धरला नव्हता." मग त्यांनी फडकं पिळलं आणि म्हणाले, "तिला सांगायला हवं. तिच्या मनात नको राहायला. आज आली की सांगतो."

ती आली. दप्तर टाकलं, बाकावर चढली, ढब्बूला गुदगुल्या केल्या, हसली. वस्ताद तिच्याकडे बघत राहिले. मला कळलं त्यांच्या मनात काय आलं ते. त्यांना वाटलं, पोर विसरली. मुलांचं काय, ती विसरतात, उगाच खपली कशाला काढायची? असं म्हणून तो दिवस गेला. त्यानंतरचेही गेले.

आणि झिपरीला काय वाटलं सांगू? तिला वाटलं, पणजोबा त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत म्हणजे रागावलेत. आपण हललो, म्हणून त्यांची कात्री खणात गेली. मला कसं कळलं? ती एकटी असली की त्या खणाशी जाऊन उभी राहायची. उघडायची नाही, नुसती मुठीला हात लावून उभी राहायची. दोघंही एकमेकांच्या जिवाला लागू नये म्हणून गप्प, आणि मी मध्ये. माझा जीव कसा टांगणीला लागला असेल, विचार करा.

वरवर सगळं छान चाललं होतं. संध्याकाळी ती मला दोन स्टुलांवर आडवी ठेवायची आणि वर बसायची. वस्ताद दोन बोटांची कात्री करायचे, जिभेने टक टक वाजवायचे. "करायचं का बाईसाहेब?" ती म्हणायची, "सुरू." मग बोटांच्या कात्रीने खोटे खोटे केस कापले जायचे, ढब्बूचेही. ढब्बू खदाखदा हसायचा. झिपरी मात्र त्या खेळात एकदाही हलली नाही. इतकी ताठ बसायची की मला तिची मांडी दगडासारखी लागायची. वस्तादांच्या ते लक्षात आलं नाही. कधी नव्हे ते त्यांच्या नजरेतून सुटलं.

मग ते आजारी पडले, दुकानात यायचे थांबले. एके दिवशी नातू उशिरा आला, शटर उघडलं, आत नुसता उभा राहिला आणि पुन्हा शटर ओढून निघून गेला. त्याचे डोळे सुजलेले होते. वस्ताद गेले हे मला असं कळलं. मला कोण सांगायला येणार होतं?

त्यानंतर ही नवी खुर्ची आली. पाय दाबला की आपोआप वर जाते, त्यामुळे माझी गरज संपली. काही दिवस मी शाम्पूच्या बाटल्या डोक्यावर घेऊन उभी होते, मग दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लागले. आता इथे, बादलीशेजारी. मला स्वतःचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते झिपरीचं. कानाला लागल्यापासून तिने केसांना कात्री लावू दिलेली नाही. केस कमरेपर्यंत आलेत, आई रोज सकाळी विंचरताना वैतागते. गिऱ्हाइकं विचारतात आणि बाप सांगतो, "भीती बसलीय हो तिच्या मनात. आमच्या आजोबांच्या हातून कान कापला गेला होता." तो हे सहज सांगतो. ती तिथेच बाकावर गृहपाठ करत असते, आणि दर वेळी तिची पेन्सिल थांबते.

गेल्या रविवारी ढब्बूचे केस कापायचे ठरले. नव्या खुर्चीत तो सारखा घसरून खाली यायचा. बापाने मशीन सुरू केलं तर त्याने दुकान डोक्यावर घेतलं. झिपरी उठली आणि मला ओढत खुर्चीपाशी घेऊन गेली.

"अगं, ती जुनी फळी कशाला?" बाप म्हणाला.

"पणजोबा असंच बसवायचे."

बापाने मला उचललं. या खुर्चीचे हात रुंद आहेत, मी नीट बसत नव्हते, म्हणून त्याने खाली टॉवेल घडी करून घातला. किती दिवसांनी माझ्यावर कुणीतरी बसलं. ढब्बूच्या दोन्ही मुठी झिपरीने माझ्या कडांवर ठेवल्या. बाप पुन्हा मशीन घ्यायला लागला तशी ती म्हणाली, "आधी विचारायचं असतं. तुम्हाला माहितीय ना? तुम्ही पण बसायचात."

बसायचा तर. माझ्यावर बसून किती वेळा 'सुरू' म्हणालाय तो, मला विचारा. त्याने मशीन ठेवलं आणि खण उघडला. वस्तादांची कात्री बाहेर आली. या कानाशी क्लिक क्लिक, त्या कानाशी क्लिक क्लिक. ढब्बू डोळे मोठे करून ऐकत राहिला. "काय साहेब, करायचं?" बापाने आरशातून विचारलं. ढब्बू म्हणाला, "शुलू."

छान चाललं होतं. मग ढब्बूने मान वळवली आणि बाप सवयीने म्हणाला, "अरे हलू नको, कान कापला जाईल."

झिपरी आरशाशेजारी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी हलले होते."

"कधी?"

"पणजोबांच्या वेळी. त्यांचा हात नव्हता चुकला. मी हलले. म्हणून तुम्ही त्यांना ओरडलात. म्हणून त्यांनी कात्री ठेवली."

कात्री हवेतच राहिली. त्याने सगळ्यांदेखत आजोबांना जे ऐकवलं होतं, ते त्याने पुढे कधी मागे घेतलं नव्हतं. घ्यायचं राहून गेलं होतं. आता कुणापुढे घेणार? तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुझी काही चूक नाही, बाळा. लहान होतीस तू." कुठलाही बाप म्हणेल तेच तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पण तिला ते नको होतं.

"पणजोबा काय म्हणाले होते?" तिने विचारलं. "मी घरी गेल्यावर?"

तो खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. "काहीच नाही म्हणाले ते," तो म्हणाला. "शेवटपर्यंत काही नाही बोलले."

तिने मान हलवली, जणू तिला हे आधीच ठाऊक होतं. आणि मी, जिच्यापाशी ते बोलले होते, मी ढब्बूच्या खाली गप्प पडून होते. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं. ढब्बूला त्या दोघांचे चेहरे आवडले नसावेत. तो म्हणाला, "बाश." बापाने कात्री मिटली. म्हणून ढब्बू अजून अर्ध्या डोक्यानेच फिरतोय, अगदी त्याच्या आजोबांसारखा, आणि गल्ली पुन्हा हसतेय. घरात मात्र कुणी हसत नाही.

आता तुमच्याकडचं काम. झिपरीला मी पुष्कळ हाका मारल्या, तिला ऐकू जात नाहीत. तुम्ही रिकामे बसला होतात म्हणून तुम्हाला ऐकू आलं. तिची शाळा सुटायची वेळ झालीय. लांब वेणीची मुलगी येईल, दप्तर टाकेल आणि तुमच्या शेजारीच बाकावर बसेल. तिला एवढंच सांगा, की पणजोबा बोलले होते. दुपारी, मला पुसताना. "पोर हलली नाही, पोर मला धरायला आली," हेच शब्द होते. त्यात तुमच्या पदरचं काही घालू नका. कुणी सांगितलं म्हणून विचारेल, तर माझ्याकडे बोट दाखवा. विश्वास बसला नाही तर शिवणीतला डाग दाखवा, त्याच्या भोवतीचं रेक्झिन पुसून पुसून फिकट झालंय.

तिला केस कापून घ्यायचा आग्रह मात्र करू नका. 'सुरू' तिनेच म्हणायचं असतं.